आधी हात, मग थाळी

बिराजदार बाईंचं पहिलं वाक्य मी ऐकलं ते भांडणातलं होतं. पुढं कितीतरी वर्षं स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी शेजारी होत्या, पण त्यांचं नाव निघालं की मला तेच वाक्य आधी ऐकू येतं. मी चित्रकलेचा शिक्षक म्हणून रुजू व्हायला आलो होतो. फाटकातून आत शिरलो तर मैदानावर एक गृहस्थ आपल्या मुलाचं मनगट धरून उभे होते आणि अंगानं आडव्या, केस बारीक कापलेल्या एक बाई त्यांना अगदी हळू आवाजात सांगत होत्या, "तुमच्या पायातली चप्पल काढा आणि पोराला घाला. मोठी हाय न्हवं? मोठी म्हंजे चांगली, असं तुमीच म्हणताय की." गृहस्थांनी खरोखरच आपल्या चपलेकडे बघितलं.

भांडण थाळीवरून होतं. जेवायची थाळी नव्हे, थाळीफेकीची. बाई आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका. त्यांनी या गृहस्थांच्या मुलाला लहान, हलकी थाळी दिली होती आणि रांगेतल्या पुढच्या मुलाला मोठी. झालं, वडिलांचा अपमान झाला. आमच्या पोरात काय कमी आहे, असा त्यांचा सवाल होता. मुलगा बिचारा ती हलकी थाळी छातीशी धरून उभा होता आणि त्याला ती आवडली होती हे लांबूनही कळत होतं. वडिलांना तेवढं कळत नव्हतं.

त्याच दुपारी बाई चित्रकलेच्या खोलीत आल्या. काखेत पोतं. ते टेबलावर ओतलं तर आठ-दहा थाळ्या गडगडत बाहेर आल्या. काही रबरी, काही लाकडी आणि लोखंडी काठाच्या. "सर, तुमच्याकडं ऑइलपेंट हाय का? ह्यांच्यावरचे वजनाचे आकडे पुसून टाका आणि रंग द्या. हलक्यांना पिवळा, मुलींच्या स्पर्धेला चालतात त्यांना हिरवा, आणि ह्या जड, बाप्या माणसांच्या, त्यांना लाल."

मी विचारलं, आकडे का पुसायचे?

"आकडा दिसला की पोरं मोठाच उचलत्यात. आणि पोरांनी न्हाय उचलला तर बाप उचलतो. रंगाचं तसं न्हाय. पिवळ्याला कुणी कमी म्हणत न्हाय."

आमची ओळख झाली ती अशी. मी रंग दिले. दरवर्षी सुट्टीनंतर पुन्हा देत राहिलो, कारण मैदानावरची खडी रंग टिकू देत नसे. मैदान म्हणायचं ते सवयीनं. सात रस्त्याच्या गजबजलेल्या चौकापासून चालत येण्याच्या अंतरावर एवढी मोकळी जागा म्हणजे संस्थेला सोन्याचा तुकडा वाटायचा. लग्नसराईत ती मांडवाला भाड्यानं जायची. मांडव उठला की दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मुलांना घेऊन खिळे, दातकोरण्या आणि काचा वेचत बसलेल्या दिसायच्या. त्यानंतर तास सुरू व्हायचा. तोही व्हायचाच असं नाही. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की खेळाचा तास घ्या, इंग्रजीचा मागे पडला की चित्रकलेचा घ्या. आम्हा दोघांचे तास म्हणजे रिकामी भांडी, ज्याला लागेल त्यानं न्यावीत. मी कुरकुरत देऊन टाकायचो. बाई मात्र वर्गाच्या दारात उभ्या राहायच्या आणि गणिताच्या सरांना म्हणायच्या, "तुमचा अभ्यास मागं पडलाय, माझ्या पोरांचे पाय न्हाय. सोडा त्यांना." आणि ते सोडायचे.

त्यांची शिकवण्याची रीत मी खिडकीतून बघत असे. थाळीफेक शिकायला आलेल्या मुलाला पहिले काही दिवस थाळीच मिळायची नाही. बाई डब्यातून कडक भाकरी काढायच्या. आमच्याकडची कडक भाकरी, पापडासारखी पातळ, महिनाभर टिकणारी. ती मुलाच्या तळहाताखाली ठेवायच्या, बोटांची फक्त पहिली पेरं काठावरून वाकवायला लावायच्या आणि हात सोडून उभं राहायला सांगायच्या. "थाळी धरायची न्हाय. बोटांवर ठिवायची. धरली की मोडती." पहिल्या दिवशी सगळ्यांच्या भाकऱ्या मोडायच्या. मग ते तुकडे शेंगांच्या चटणीबरोबर तिथंच बसून खाऊन टाकायचे. ज्याची भाकरी हात गोल फिरवूनही मोडली नाही, त्याला पिवळी थाळी मिळायची.

पुढचं आणखी विचित्र. मुलगा थाळी फेकायचा आणि सगळे ती कुठं पडली ते बघायला धावायचे. बाई जागच्या हलत नसत. त्यांचं लक्ष थाळी हवेत असेपर्यंतच. "किती लांब गेली ते टेप सांगंल. कशी गेली ते मला बघू दे." थाळी आडवी, शांत तरंगत गेली तर बाई मान हलवायच्या. डुगडुगत गेली, किंवा एका अंगावर कलंडून कोसळली, तर म्हणायच्या, "ही तुझी न्हाय. अजून न्हाय." ती लांब गेली असली तरी हेच. एका मुलानं लाल थाळी सगळ्यांपेक्षा लांब टाकली तेव्हा टाळ्या पडल्या. बाईंनी त्याच्या हातातून ती काढून घेतली आणि हिरवी दिली. तो रडकुंडीला आला. "ताकदीनं ढकललीस तू," त्या म्हणाल्या. "फिरवली न्हाईस. आज ढकलशील, उद्या ढकलशील, परवा खांदा जाईल. आधी हात, मग थाळी."

हे 'आधी हात, मग थाळी' त्या दिवसातून कितीदा म्हणत, ते देवालाच ठाऊक. पालकांना म्हणत, मुख्याध्यापकांना म्हणत, दुकानदारांनाही म्हणत. एकदा नव्या थाळ्या घ्यायला मी माझ्या स्कूटरवरून त्यांना सात रस्त्याजवळच्या खेळाच्या दुकानात नेलं. दुकानदारानं काचेच्या कपाटातून एक चकचकीत थाळी काढली, मऊ फडक्यात गुंडाळलेली. "मॅडम, ही घ्या. चॅम्पियन हीच वापरतात." बाईंनी ती घेतली, बोटांवर तोलली, मग टेबलावर उभी करून टिचकीनं फिरवली. ती फिरतच राहिली. दुकानदाराचा चेहरा फुलला.

"थाळी झकास हाय," बाई म्हणाल्या. "ह्याच्याबरोबर चॅम्पियनचा हात बी देता का?"

परत येताना मी विचारलं, चांगली होती तर घेतली का नाही? वजन तर मुलींच्या थाळीएवढंच होतं. सिग्नलला स्कूटर थांबली होती. मागून त्यांनी मला जात्याची गोष्ट सांगितली. वजन तेवढंच, पण ते बसलंय कुठं ते बघायचं. या भारी थाळीचं सगळं वजन काठात असतं. जड जात्यासारखं. सुरुवातीला फिरवायला जीव काढावा लागतो, एकदा फिरलं की मग थांबत नाही. ज्याच्या बोटांत तेवढी फिरक असते, त्याची थाळी या काठावर पार लांब जाते. ज्याच्या बोटांत ती नसते, त्याची डुगडुगते आणि पडते. मग मूल चिडतं, आणखी जोर लावतं. खांद्यातून. "लोकांना वाटतं भारीतली थाळी घेतली की फेक भारी हुती. आवं, कसलं काय." सिग्नल सुटला. त्यांचा राग सात रस्त्यापासून शाळेपर्यंत माझ्या पाठीवर बसून आला.

एवढा राग कशाचा, हे मला पुढं कळलं. त्यालाही निमित्त झालं ते स्टाफरूममधल्या एका टवाळीचं. बाईंचे केस बारीक कापलेले असत, मानेच्याही वर. साडी नेसणाऱ्या, लांब वेणीच्या बायकांत ते डोळ्यांत भरायचं. हळदीकुंकवाच्या दिवशी एका बाईंनी गजरा पुढं केला आणि मग हात मागं घेत म्हणाल्या, "अगंबाई, तुम्ही कुठं माळणार हा? तुमचा तर बॉबकट." सगळ्या हसल्या. बिराजदार बाईंनी गजरा घेतला, टेबलावर ठेवला आणि उजवा हात उचलला. तो खांद्याच्या रेषेत आला आणि थांबला. तिथून वर जाईना.

"ह्याच्या वर जात न्हाय," त्या म्हणाल्या. "वेणी घालायला दोन हात लागत्यात. आई हुती तवर घालायची. ती गेल्यावर कापून टाकले."

मग त्यांनी सांगितलं, अगदी कोरडं. त्या अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावच्या. घरात कानडी, शाळेत मराठी. शाळेत थाळी एकच होती, बाप्यांची. सातवीतल्या पोरीच्या हातात ती देऊन सर म्हणाले, पोरगी दणकट आहे, फेकेल. पोरगी खरंच दणकट होती. फेकली. तालुक्याला पहिली आली. हाराफुलांनी मिरवणूक निघाली. खांदा दुखतो म्हणाली तर सर म्हणाले, दुखायचंच, त्याशिवाय का ताकद येते. आणखी दोन वर्षं ती तीच थाळी फेकत राहिली. "मग एक दिवस सकाळी उठले आणि अंगात झंपर घालायला हात वर जाईना. आईला वाटलं, बाहेरचं काहीतरी झालंय. अंगारा लावला."

कुणीतरी म्हणालं, अहो, पण तेव्हा कुठं एवढं कळत होतं. बाईंनी त्या दिशेनं बघितलं. "माझं मला कळत हुतं. मी सांगत हुते. इच्यारलं कुणी?"

ऐकणाऱ्या निम्म्या बायका दुसऱ्या दिवशीही त्यांच्या केसांवर कुजबुजतच होत्या. याचा मला आजही संताप येतो. माणसं ऐकतात आणि जिथल्या तिथं सोडून देतात.

त्यानंतर मला बाईंच्या एका सवयीचा उलगडा झाला. रोज सराव संपला की सगळी मुलं रांगेत उभी राहायची आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायची. पूर्वी खेड्यातल्या शाळेत नाव घालताना मूल सहा वर्षांचं झालं का, हे असंच बघत. बाई रांगेसमोरून चालत जायच्या. ज्याचा हात कानापर्यंत पोचला नाही, ज्याचं तोंड वेडंवाकडं झालं, त्याला दुसऱ्या दिवशी थाळी नाही. "साकु," म्हणायच्या, कानडीत, पुरे अशा अर्थी, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवायच्या. येणारेजाणारे पालक विचारायचे, मुलांना शिक्षा कसली केलीय? बाई उत्तर द्यायच्या भानगडीत पडत नसत.

अशात भाग्यश्री आली. मंगळवेढ्याकडच्या खेड्यातली, इथं आत्याकडे राहून आठवीत शिकणारी. हाताचे पंजे मोठे, अंगानं उंच, बोलायला अगदी कमी. तिची कडक भाकरी पहिल्याच दिवशी मोडली नाही. बाईंनी ती तिच्या तळव्याखालून काढून घेतली, उलटसुलट करून बघितली, जणू भाकरीतच काही फसवाफसवी असावी. त्या दिवशी त्या स्टाफरूममध्ये येऊन बसल्या आणि चहाचा कप बाजूला सारला. मग म्हणाल्या, "सर, हिचा हात माझ्यापेक्षा चांगला हाय. आता हिला माझ्यासारख्या माणसांपास्नं जपायला पाहिजे." माझ्यासारख्या म्हणजे खेळ शिकवणाऱ्या, आपल्या त्या सरांसारख्या, असं त्यांना म्हणायचं होतं. मी समजून घेतलं.

दोन पावसाळे भाग्यश्री पिवळीवर होती. आत्या कुरकुरली, मुख्याध्यापक कुरकुरले. मग हिरवी आली. हिरवी तिच्या हातातून सुटायची ती आडवी, पाण्यावरून जावी तशी. जिल्ह्याच्या स्पर्धा जवळ येत होत्या आणि शाळेत पहिल्यांदाच कुणाच्या तरी तोंडी पदकाचा विषय निघायला लागला होता. पदकाचा वास लागला की आमच्या संस्थेतली माणसं कुठून कुठून जमा होतात. जिथं काचा वेचायला एक शिपाई मिळत नव्हता, तिथं अध्यक्षांनी स्वतः शाळेत येऊन भाग्यश्रीच्या पाठीवर थाप मारली आणि जाहीर केलं की आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ ते शाळेला एक उत्तम थाळी भेट देणार.

खंडेनवमीला शाळेत खेळाच्या सामानाची पूजा असते. पाटावर बॅट, चेंडू, भाले, त्यांवर झेंडूची फुलं. मधोमध लाल मखमलीच्या डबीत ती थाळी. पुण्याहून मागवलेली. मी वाकून बघितलं आणि क्षणभर मला हसावं की रडावं कळेना. थाळीच्या लोखंडी काठावर, चारी बाजूंनी, भांड्यांच्या दुकानात लग्नाच्या ताटावाटीवर नाव घालतात त्या यंत्रानं अध्यक्षांच्या वडिलांचं नाव कोरलं होतं. कै. अमुक तमुक यांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट. अक्षरं एका बाजूला घसरत गेलेली. घरात आलेलं धातूचं गोल काही असलं की त्यावर नाव घालायचंच, ही आमच्याकडची रीत. तांब्याला चालते तर थाळीला का नाही.

आरती झाली. पेढे वाटले. मुख्याध्यापक म्हणाले, "भाग्यश्री, एक फेक टाक बरं या थाळीनं. साहेबांना बघू दे. स्पर्धेतही आता हीच टाकायची."

भाग्यश्रीनं बाईंकडे बघितलं. बाई पुढं आल्या, डबीतून थाळी घेतली, बोटांवर तोलली. मग अंगठा काठावरून गोल फिरवला. कोरलेल्या अक्षरांवरून तो अडखळत गेला. "सर, ही हिच्या हाताची न्हाय," त्या म्हणाल्या.

"अहो, वजन मुलींचंच आहे. विचारून आणलीय."

"वजन मुलींचं हाय. काठ हिच्या हाताचा न्हाय. ह्या थाळीला जेवढी फिरक लागती तेवढी हिच्या बोटांत अजून आली न्हाय. पुढच्या साली येईल. तवा मीच येऊन मागून घेईन."

अध्यक्ष हसत हसत म्हणाले, "बाई, एका फेकीनं काय होतंय?"

बाईंचा आवाज आणखी खाली गेला. "मला बी असंच म्हणले हुते, साहेब."

मुख्याध्यापकांनी भाग्यश्रीच्या खांद्यावर हात ठेवून तिला वर्तुळाकडे वळवलं. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "थांबा. पहिली फेक मी टाकते." कुणी काही बोलायच्या आत त्या वर्तुळात जाऊन उभ्या राहिल्या. उजवा हात मागं नेला, जेवढा जात होता तेवढा. मला जाणवलं की त्या काय करणार आहेत, आणि मी नको म्हणायला तोंड उघडलं, पण त्या गोल फिरल्या होत्या. थाळी हातातून सुटली ती डुगडुगत, एका अंगावर, आणि अध्यक्षांच्या खुर्चीपासून थोड्याच अंतरावर धप्पकन पडली. दोन-चार जण हसले. बाई हसणाऱ्यांकडे बघत नव्हत्या. डाव्या हातानं उजवा खांदा धरून त्या भाग्यश्रीकडे बघत होत्या.

"बघितलंस? हाताला झेपत न्हाय ती थाळी अशी पडती. आणि हात असा हुतो." मग अध्यक्षांकडे वळून, त्याच आवाजात, "थाळी लई चांगली हाय, साहेब. माझं थाळीशी भांडण न्हाय."

भाग्यश्रीनं त्या दिवशी ती थाळी उचलली नाही. अध्यक्ष पेढा अर्धा ठेवून उठून गेले.

शिक्षा ठरलेलीच होती. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला बोलावून सांगितलं की जिल्ह्याच्या स्पर्धेला संघ घेऊन तुम्ही जायचं. मी म्हणालो, मी चित्रकलेचा माणूस, मला थाळीतलं काय कळतं? ते म्हणाले, "कळायची गरज नाही. स्मरणार्थाची थाळी तेवढी बरोबर न्या. दुसरी कोणतीही नेऊ नका." मी तिथंच नाही म्हणून बाहेर पडलो आणि तावातावानं बाईंकडे गेलो. त्या मैदानाच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या, खांद्यावर गरम पाण्याची पिशवी.

"तुमीच जा, सर," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण गेलं तर तिला ती टाकायला लावतील. तुमी लावणार न्हाय."

"आणि टाकायची कोणती? हिरवी न्यायची नाही म्हणतायत."

"तितं मैदानावर त्यांच्या थाळ्या असत्यात. कुणी बी घ्याव्यात अशा. तिला निवडता येतं. मी दोन वर्षं दुसरं काय शिकवलं? मेडल न्हाय आलं तर न्हाय आलं. खांदा तेवढा आणा माघारी."

स्पर्धेच्या ठिकाणी खेळाडूंनी आणलेली साधनं आधी तपासून घेतात. पंच एक वयस्कर गृहस्थ होते. मखमलीची डबी बघून ते थोडे चमकले. थाळी वजनकाट्यावर ठेवली, वजन बरोबर भरलं. मग त्यांनी बाईंसारखाच अंगठा काठावरून फिरवला आणि तो अक्षरांत अडकला. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं. अख्खं वाचलं, सप्रेम भेटीपर्यंत.

"सर, हे भांडं आहे का?" त्यांनी मला विचारलं. काठ गुळगुळीत पाहिजे, खाच चालत नाही, अशी थाळी आत येणार नाही, असं म्हणून त्यांनी ती डबीत घालून माझ्या हातात दिली. मला इतका आनंद झाला की मी त्यांचे आभार मानले. ते बुचकळ्यात पडले.

वर्तुळाशेजारी संयोजकांच्या थाळ्या मांडल्या होत्या. मुली नव्या, चमकणाऱ्या थाळ्यांवर तुटून पडल्या. भाग्यश्री मागं उभी राहिली. गर्दी हटल्यावर ती एकेक थाळी बोटांवर घेऊन, हात सोडून उभी राहू लागली, कडक भाकरी घेऊन उभी राहायची तशी. दोन ठेवून दिल्या. तिसरी एक जुनी लाकडी थाळी होती, रंग उडालेली, कुणीच न घेतलेली. ती बोटांवर ठेवून तिनं हात हलकेच गोल फिरवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "सर, ही आपल्या हिरवीसारकी हाय." तिनं हे विचारलं नव्हतं, मला कळवलं होतं.

ती दुसरी आली. तिच्या सगळ्या फेकी आडव्या गेल्या, एकही डुगडुगली नाही. मी टेपकडे बघतच नव्हतो. हवेकडे बघत होतो.

शाळेत परतलो तेव्हा बाई फाटकात उभ्या होत्या. भाग्यश्रीच्या गळ्यात पदक होतं. बाईंनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. "हात वर कर," त्या म्हणाल्या. भाग्यश्रीनं उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान धरला. सहज. चेहऱ्यावर एक आठी न पडता. बाई थोडा वेळ तो हात बघत राहिल्या. "साकु," म्हणाल्या, आणि तोंड फिरवून थाळ्यांचं पोतं आवरायला निघून गेल्या. त्यांना रडू आलं होतं, आणि ते मला दिसलं हे त्यांना आवडलं नसतं.

इथंच गोष्ट संपली असती तर मी हे लिहायला बसलो नसतो. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. मध्ये अध्यक्ष, एका बाजूला मुख्याध्यापक, दुसऱ्या बाजूला भाग्यश्री, आणि अध्यक्षांच्या हातात ती कोरलेली थाळी. खाली छापलं होतं की वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या थाळीनं विद्यार्थिनीनं रौप्यपदक पटकावलं. मी पेपर घेऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत गेलो आणि विचारलं, ही थाळी मैदानात गेलीच नाही, हे तुम्हाला मी सांगितलं होतं ना? ते म्हणाले, "जाऊ द्या हो सर. नाव शाळेचंच झालं." बातमीत बाईंचं नाव कुठंही नव्हतं. कोरलेली थाळी तेव्हापासून दर्शनी कपाटात आहे, आतून दिवा लावलेला.

बाईंची बदली संस्थेच्या नातेपुत्याच्या शाळेत झाली. तिथं खेळाला शिक्षक नाही, असं कारण दिलं. कारण खरं होतं, म्हणून तर जास्त चीड आली. मी भांडायला निघालो तर त्यांनीच मला थांबवलं. "तितं बी पोरं हायत की. त्यांचे खांदे काय फुकटचे हायत का?" शाळेच्या थाळ्या शाळेत ठेवून, स्वतःची एक रबरी आणि डब्यात कडक भाकऱ्यांची चवड घेऊन त्या निघाल्या.

एसटी स्टँडवर मी गेलो तेव्हा मुली आधीच आल्या होत्या. भाग्यश्री होती, तिच्यामागच्या तुकडीतल्या लहान मुली होत्या. बाई बसमध्ये बसल्या, खिडकीशी. कंडक्टरनं घंटी मारली. मला वाटलं मुली आता हात हलवतील. त्यांनी हात हलवले नाहीत. भाग्यश्रीनं उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरला, आणि मग एकेक करून सगळ्यांनी धरला. स्टँडवरचे लोक थांबून बघायला लागले. दारातला कंडक्टर मला म्हणाला, "काय चूक केली वो सर पोरींनी?"

"पोरींनी न्हाय केली," मी म्हणालो. माझ्याही तोंडून तीच भाषा आली.

बाईंनी खिडकीतून रांगेवर नजर फिरवली. एका टोकापासून, रोजच्यासारखी. बस हलली होती. त्यांची नजर शेवटच्या मुलीवर थांबली. सातवीतली बारकी मुलगी. तिचा हात कपाळापर्यंत येऊन अडला होता आणि ती ओठ चावत होती. बाई अर्ध्या खिडकीबाहेर आल्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला.

"अगं ए, तुला पिवळी दिली हुती. लाल कुणी दिली?"

तेवढ्यात बस फाटकातून बाहेर वळली. खिडकीत त्यांचे बारीक केस आणि मागं वळलेलं तोंड दिसत होतं, रागानं लाल झालेलं. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही.

मुलीला मी विचारलं. तीन दिवसांपूर्वी बाईंचा तास काढून घेतल्यावर गणिताच्या सरांकडे खेळ आला होता. पेपरातल्या फोटोत लाल उठून दिसते म्हणून त्यांनी सगळ्यांना लाल वाटल्या होत्या.

मी तसाच शाळेत आलो. खेळाचं कपाट उघडलं, सगळ्या लाल थाळ्या पोत्यात भरल्या आणि चित्रकलेच्या खोलीत नेऊन कुलूप लावलं. अजून तिथंच आहेत. गणिताचे सर येतात, मुख्याध्यापक शिपायाला पाठवतात. मी दारातूनच सांगतो, नेता येणार नाहीत, रंग ओला आहे.